मेंदूचा काटा, कायद्याचा काटा

पुण्याहून पौडकडे निघाले, की चांदणी चौक आणि बावधन मागे टाकून आपण भूगावात येतो. मानस तलावाजवळचे हे मुळशी तालुक्यातील गाव. गेल्या पंचवीस वर्षांत येथे इमारती वाढल्या, रस्ता वाढला आणि रस्त्याच्या कडेने टपऱ्याही वाढल्या. मी येथे राहतो आणि शहरातील एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. विज्ञान प्रदर्शनाचे दिवस जवळ आले, की गावातील माध्यमिक शाळेची काही मुले-मुली रविवारी माझ्याकडे प्रयोगांची तयारी करायला येतात.

अशाच एका रविवारी नववीतील एक मुलगा तानकाट्याला वजने अडकवता अडकवता म्हणाला, "सर, तंबाखूच्या पुडीवर कर्करोगाचे चित्र असते. ते दिसते सगळ्यांना. मग माणसे ती सोडत का नाहीत?" बाकीची मुले हसली. मी म्हटले, "प्रश्न चांगला आहे, सावकाश बोलू." सगळे गेल्यावर हा मात्र दोरा गुंडाळत मागे राहिला. थोड्या वेळाने खाली बघतच त्याने दुसरा प्रश्न विचारला, "आणि सर, पावडर वगैरे घेणाऱ्या माणसाला दवाखान्यात नेले, तर पोलीस धरतात का?"

हा प्रश्न तो कोणासाठी विचारतो आहे, हे मी विचारले नाही. त्याला जे सांगायचे ते त्या दिवशी थोडक्यात सांगितले. तेच आज सविस्तर लिहीत आहे. कारण हे दोन प्रश्न मनात घेऊन फिरणारी मुले प्रत्येक शाळेत असतात. पहिला प्रश्न शरीरशास्त्राचा आहे, दुसरा कायद्याचा. पण पहिल्याचे उत्तर नीट समजले नाही, तर दुसऱ्याचे उत्तर चुकते. आपल्याकडे ते पुष्कळदा चुकले आहे.

सवय आणि व्यसन

रोज सकाळी चहा लागणे ही सवय. एखादे दिवशी चहा मिळाला नाही, तर डोके थोडे जड होते आणि आपण कामाला लागतो. व्यसनाची खूण वेगळी आहे. पदार्थामुळे शरीराचे, पैशाचे, नात्यांचे नुकसान होते आहे हे माणसाला कळते, तो सोडण्याचा निश्चय करतो आणि तरीही त्याचा हात पुन्हा तिकडेच जातो. वैद्यकशास्त्र याला 'अवलंबित्व' म्हणते. त्याची मुख्य लक्षणे तीन : तोच परिणाम मिळवण्यासाठी मात्रा वाढवावी लागणे, पदार्थ न मिळाल्यास शरीर व मन बिघडणे आणि घेण्यावरचा ताबा सुटणे.

हे मला पुस्तकावरून सांगावे लागत नाही. एम.एस्सी.ला असताना वसतिगृहातील मित्रांबरोबर मी तंबाखू मळायला शिकलो. 'जागरणाला बरी पडते' एवढेच निमित्त. पुढे अकरा वर्षे ती पुडी माझ्या खिशात होती. चार वेळा सोडली, चार वेळा पुन्हा धरली. वर्गात मी मुलांना निरीक्षणावरून निष्कर्ष कसा काढावा ते शिकवत असे. स्वतःच्या बाबतीत निष्कर्ष ठाऊक असूनही तो पाळता येत नव्हता. तेव्हा मी स्वतःला दुबळ्या मनाचा समजत होतो. पुढे मेंदूविषयी वाचले, तेव्हा कळले की तो हिशेब अपुरा होता.

मेंदूतील कुलपे आणि किल्ल्या

आपल्या मेंदूत अब्जावधी चेतापेशी आहेत. दोन पेशींच्या मध्ये अतिशय बारीक फट असते. पहिल्या पेशीतून एक रसायन त्या फटीत सुटते आणि पलीकडच्या पेशीवरील 'ग्राही' नावाच्या रेणूंना चिकटते. कुलपात किल्ली बसावी तसे हे घडते आणि संदेश पुढे जातो. ही रसायने अनेक प्रकारची आहेत. त्यांपैकी डोपामीनचा आपल्या विषयाशी जवळचा संबंध आहे.

१९५४ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांच्या मेंदूच्या विशिष्ट भागात त्यांनी बारीक तार बसवली आणि पिंजऱ्यात एक दांडी ठेवली. दांडी दाबली, की त्या भागाला विजेचा सौम्य झटका मिळे. उंदीर दांडी पुन्हा पुन्हा दाबू लागले. अशा प्रयोगांत काही उंदरांनी ती तासाला दोन-दोन हजार वेळा दाबली. 'हे चांगले आहे, पुन्हा कर' असे सांगणारी एक व्यवस्था मेंदूत आहे, हे त्यावरून उघड झाले. अन्न, पाणी, मित्रांची सोबत, सुटलेले गणित यांमुळे ही व्यवस्था जागी होते. तिचा मुख्य निरोप्या म्हणजे डोपामीन. जिवंत राहण्यासाठी उपयोगी गोष्टी लक्षात ठेवून पुन्हा कराव्यात, यासाठीच निसर्गाने ती घडवली आहे.

व्यसनाचे पदार्थ या व्यवस्थेत मागच्या दाराने शिरतात. अफूची गोष्ट पाहू. खसखशीच्या कच्च्या बोंडाला चिरा पाडल्या, की जो चीक येतो ती अफू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील सेर्ट्युर्नर या औषधनिर्मात्याने अफूतून मॉर्फीन वेगळे केले. १८७४ साली लंडनमध्ये ऑल्डर राइट यांनी मॉर्फीनपासून एक नवे संयुग बनवले. १८९८ मध्ये बायर कंपनीने तेच 'हेरॉइन' या नावाने खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले! अफूच्या रेणूंचा मेंदूवर इतका परिणाम का होतो, हे कोडे मात्र १९७३ पर्यंत सुटले नव्हते. त्या वर्षी अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूत अफूच्या रेणूंसाठीचे ग्राही असल्याचे दाखवले. मग प्रश्न पडला : खसखशीच्या झाडातील किल्लीसाठी माणसाच्या मेंदूत कुलूप कशाला? उत्तर १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील अ‍ॅबरडीन येथून आले. जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांना मेंदूतच तयार होणारे, वेदना शमवणारे रेणू सापडले. त्यांना एन्केफॅलिन म्हणतात. म्हणजे कुलूप आपल्याच किल्लीसाठी होते. अफूचा रेणू ही योगायोगाने बसणारी दुसरी किल्ली!

तंबाखूतील निकोटीन, मद्य, गांजा, मेफेड्रोन यांची कुलपे वेगवेगळी आहेत. पण शेवटी डोपामीनच्या व्यवस्थेवर परिणाम होतो, ही गोष्ट सगळ्यांत समान आहे.

सरकलेले शून्य

आता तो तानकाटा हातात घ्या. स्प्रिंगला वजन अडकवले, की काटा खाली येतो. वजन काढले, की शून्यावर परत जातो. पण जड वजन महिनोन्महिने अडकवून ठेवले, तर स्प्रिंग सैल पडते आणि काट्याचे शून्यच सरकते. प्रयोगशाळेत आपण तिला शून्यांक त्रुटी म्हणतो.

मेंदूतही काहीसे असेच होते. बाहेरून येणाऱ्या रसायनाचा मारा रोज होऊ लागला, की चेतापेशी तोल सांभाळण्यासाठी बदलतात. ग्राहींची संख्या किंवा त्यांची संवेदनक्षमता बदलते. त्यामुळे पूर्वीच्या मात्रेत पूर्वीचा परिणाम मिळत नाही. मात्रा वाढवावी लागते. आणि पदार्थ अचानक बंद केला, तर काटा शून्यावर थांबत नाही, उलट्या बाजूला जातो. अफू वेदना शमवते. म्हणून ती सुटताना अंग फुटून दुखते. मद्य मेंदूला मंद करते. म्हणून सतत पिणाऱ्याने ते एकदम सोडले, तर हात थरथरतात, कधी झटके येतात, जिवालाही धोका होतो. यासाठीच बरीच वर्षे रोज पिणाऱ्या माणसाला घरात कोंडून 'सोडवण्याचा' प्रयत्न करू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावे.

या अवस्थेत माणूस पदार्थ मजेसाठी घेत नसतो. काटा शून्यापर्यंत तरी यावा म्हणून घेत असतो. पुडीवरचे चित्र त्याला दिसते; पण चित्रातील आजार वीस वर्षांनी होणार असतो आणि शून्याखाली गेलेला काटा आत्ता, या घटकेला छळत असतो.

तानकाट्याची उपमा मात्र एका ठिकाणी अपुरी पडते. स्थितिस्थापकतेची मर्यादा ओलांडलेली स्प्रिंग पूर्ववत होत नाही. मेंदू जिवंत आहे. पदार्थ थांबला, की पेशी हळूहळू पुन्हा जुळवून घेतात. त्याला आठवडे नव्हे, कित्येकदा महिने लागतात. पण शून्य परत येऊ शकते. उपचारांचा सारा आधार या एका गोष्टीवर आहे.

अर्धायुकालाचे गणित

माझी आजी रोज सकाळी मिश्री लावीत असे. मिश्री म्हणजे भाजून वाटलेली तंबाखू. आमच्या घरात तिला कोणी व्यसन म्हणत नसे. 'दात घासायची पूड' म्हणत. पण उठल्या उठल्या मिश्री मिळाली नाही, की आजी चिडचिड करी, आणि ती मिळाली की दोन मिनिटांत शांत होई. लहानपणी मला वाटे, आजीचा स्वभावच असा.

किरणोत्सर्गी पदार्थांचा अर्धायुकाल तुम्हांला वाचून माहीत असेल. औषधांनाही शरीरातील अर्धायुकाल असतो. निकोटीनचा सुमारे २ तास आहे. रात्री १० वाजता रक्तातील निकोटीन १०० भाग धरले, तर १२ वाजता ५०, २ वाजता २५, ४ वाजता १२.५ आणि सकाळी ६ वाजता अवघे ६.२५ भाग राहतात. चार अर्धायुकालांत सोळावा हिस्सा! सकाळची पहिली चिमूट किंवा पहिली सिगारेट सर्वांत 'आवश्यक' का वाटते, ते या आकड्यांत आहे. आजीचा स्वभाव मुळीच वाईट नव्हता. तिचा काटा रात्रभर खाली घसरत होता.

राष्ट्रीय पातळीवर २०१६-१७ मध्ये झालेल्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात असे आढळले. धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के, मिश्री, मळलेली तंबाखू, खर्रा, गुटखा अशा धूररहित रूपात ती घेणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्या राज्यातील सर्वांत मोठे व्यसन धुराचे नाही, तोंडात धरण्याचे आहे आणि पुष्कळ घरांत त्याला व्यसन हे नावही नाही.

जागा, माणसे आणि आठवण

केवळ रसायनांवर सगळे ठरत असते, तर एकदा बदललेला मेंदू कुठेही गेला तरी तसाच वागला असता. तसे होत नाही. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या सैनिकांना हेरॉइन स्वस्तात मिळे. १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स या संशोधिकेने केला. जवळजवळ पाचातील एक सैनिक तेथे व्यसनाधीन झाला होता. परंतु घरी परतल्यावर वर्षभरात त्यांपैकी शंभरातील सुमारे पाचच पुन्हा त्या अवस्थेत गेले. युद्धाची भीती, कंटाळा, तो माल आणि तो घोळका मागे राहिला होता.

याची दुसरी बाजूही आहे. १९९० च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर प्रयोग केले. माकडाला फळाचा रस मिळाला, की डोपामीनच्या पेशी उद्दीपित होत. रसापूर्वी दरवेळी एक खूण दिली, तर काही दिवसांनी पेशी रसाला नव्हे, खुणेलाच प्रतिसाद देऊ लागल्या. आणि खूण होऊनही रस मिळाला नाही, तर त्यांची क्रिया नेहमीपेक्षा खाली गेली. म्हणून ओळखीची टपरी, पगाराचा दिवस, जुना मित्र दिसताच सोडलेले व्यसन जागे होते. मला तंबाखू सोडून बरीच वर्षे झाली. तरी ओल्या चुन्याचा वास आला, की हात खिशाकडे जातो. आता मी त्या हाताकडे बघून हसतो, एवढाच फरक.

व्यसनाचा धोका सर्वांना सारखा नसतो. अनुवंशाचा वाटा साधारण निम्मा असतो. आणि वयाचा वाटा तर फारच मोठा. 'थांब, विचार कर' असे सांगणारा कपाळामागचा मेंदूचा भाग वयाच्या पंचविशीपर्यंत पक्व होत असतो. 'पुन्हा कर' म्हणणारा भाग मात्र तुमच्या वयात पूर्ण जोरात असतो. गाडीचा वेग आला आहे आणि ब्रेक अजून बसतो आहे! म्हणून 'एकदा घेऊन पाहू' हे वाक्य पंधराव्या वर्षी सर्वांत महाग पडते.

गर्दचे दिवस

आता कायद्याकडे वळू. आपल्या देशात अफूवरील कायदे इंग्रजांच्या काळापासून आहेत. १८५७ व १८७८ चे अफू कायदे आणि १९३० चा घातक औषधांचा कायदा. त्यांचा भर व्यापारावर ताबा आणि महसूल यांवर होता. १९८० च्या सुमारास चित्र पालटले. अशुद्ध हेरॉइनची तपकिरी पूड मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत आली. तिला लोक 'गर्द' किंवा 'ब्राऊन शुगर' म्हणू लागले. कॉलेजातील मुले, हमाल, रिक्षावाले, सुखवस्तू घरांतील तरुण, सगळ्यांत ती पसरली.

या संकटाला दोन उत्तरे मिळाली. पहिले दिल्लीतून आले : १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अंमली पदार्थ व मनःप्रभावी पदार्थ कायदा लागू झाला. दुसरे पुण्यातून आले. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यात सापडलेल्यांच्या हकिगती लिहिल्या. 'गर्द' हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध आहे. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी उपचार केंद्रासाठी मदतीचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यात 'मुक्तांगण' सुरू झाले. अनिल अवचट यांच्या पत्नी, मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी ते उभे केले. व्यसनी माणूस गुन्हेगार नाही, आजारी आहे. त्याला माणसासारखे वागवायचे, त्याच्या कुटुंबालाही सोबत घ्यायचे आणि व्यसनातून बाहेर पडलेल्यांनीच नव्यांना हात द्यायचा, ही तेथील रीत. डॉ. अनिता अवचट १९९७ मध्ये गेल्या, अनिल अवचट २०२२ मध्ये. मुक्तांगणचे काम सुरूच आहे.

एका उत्तरात तुरुंग होता, दुसऱ्यात दवाखाना. पुढील चाळीस वर्षांचा इतिहास म्हणजे या दोहोंचा मेळ घालण्याची खटपट होय.

कायदा ग्रॅममध्ये तोलतो

१९८५ च्या कायद्यात मोठा व्यापारी आणि छोटा वाहक यांच्या शिक्षेत पुरेसा फरक नव्हता. २००१ च्या दुरुस्तीने शिक्षा मालाच्या वजनाशी बांधली. 'अल्प प्रमाण' आणि 'व्यापारी प्रमाण' अशा दोन रेषा आखल्या गेल्या. हेरॉइनसाठी या रेषा ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम; चरससाठी १०० ग्रॅम आणि १ किलो; गांजासाठी १ किलो आणि २० किलो. अल्प प्रमाण बाळगल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्यापारी प्रमाण असल्यास दहा ते वीस वर्षे सक्तमजुरी आणि किमान एक लाख रुपये दंड.

येथे पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला एक शंका यायला हवी : वजन कशाचे? समजा, ३०० ग्रॅम पूड सापडली आणि तिच्यात हेरॉइन फक्त ४ टक्के आहे, बाकी भेसळ. शुद्ध हेरॉइन झाले १२ ग्रॅम. मग हे प्रमाण १२ ग्रॅमचे की ३०० ग्रॅमचे? २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध अंशच धरावा असे म्हटले होते. २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने ते बदलले : भेसळीसह सर्व मिश्रणाचे वजन धरायचे. तीच पूड, तोच काटा. पण पहिल्या नियमाने मधल्या गटात, दुसऱ्याने दहा वर्षांच्या गटात! मोजमापाची व्याख्या बदलली, की उत्तर बदलते, हे प्रयोगवहीबाहेरही खरे असते.

कायद्याला आणखी एक अडचण आहे. तो रेणूंची यादी करतो आणि रसायन बनवणारे यादीबाहेरचा रेणू शोधतात. 'एमडी' किंवा 'म्याऊ म्याऊ' या नावांनी कुप्रसिद्ध झालेले मेफेड्रोन आपल्याकडे फेब्रुवारी २०१५ मध्ये या यादीत आले. तोपर्यंत त्यावर हा कायदा लावता येत नव्हता. आता त्याची व्यापारी रेषा ५० ग्रॅम आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत छापा घातला. त्या प्रकरणात पुणे, कुरकुंभ, दिल्ली मिळून दीड हजार किलोहून अधिक मेफेड्रोन पकडले गेले. भागाकार करून पाहा : व्यापारी रेषेच्या तीस हजार पटींहून अधिक! अफूला शेत लागते, हंगाम लागतो. कृत्रिम पदार्थ कारखान्यात तयार होतो. सरहद्दीवरचा पहारा येथे पुरत नाही.

बंदी कुठे पोचते, कुठे थांबते

वाचकांपैकी काही म्हणतील, 'सरसकट बंदी घाला म्हणजे झाले.' महाराष्ट्राला बंदीचा अनुभव जुना आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा पुढे सैल झाला. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदीमुळे दारू महाग आणि दुर्मीळ होते. नवे पिणारे कमी होण्यास त्याची मदत होते. गावातील बायकांनी बंदीसाठी मोर्चे काढले ते उगाच नव्हे. पण ज्याचा काटा शून्याखाली गेला आहे, तो मिळेल ते पितो. बेकायदा दारूत स्वस्त म्हणून मिथेनॉल मिसळले जाते. यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते. त्याने दृष्टी जाते, प्राणही जातो. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत अशा दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. तेथे दारू विकत घेण्यावर सरसकट बंदी नव्हती. परवडणारी दारू मात्र तीच होती.

गुटख्यावर महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून बंदी आहे. तरीही तो चोरून विकला जातो, हे तुम्हांला माझ्याइतकेच ठाऊक आहे. त्या मानाने कर वाढवण्याचा उपाय साधा, पण मोजता येण्यासारखा आहे. तंबाखूची किंमत १० टक्क्यांनी वाढली, तर गरीब व मध्यम देशांत तिचा खप साधारण ५ टक्क्यांनी घटतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि सर्वांत जास्त कोणाचा घटतो? ज्यांच्या खिशात पैसे कमी त्यांचा, म्हणजे तुमच्या वयाच्या मुलांचा.

यावरून एक साधी मांडणी करता येते. बंदी, कर, छापे हे उपाय ज्यांनी अजून सुरुवात केलेली नाही, त्यांच्यासाठी अधिक उपयोगी. ज्यांचा काटा सरकला आहे, त्यांच्यासाठी उपचार हवा. आणि नेमका तोच तोकडा आहे. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले की मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळाला होता. बेकायदा अंमली पदार्थांच्या बाबतीत २० मध्ये एक. उरलेले कुठे आहेत? बहुतेक घरात, लपून. आणि त्यांना लपवण्यात घरची माणसे गुंतलेली.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर

म्हणून त्या मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाला फार महत्त्व आहे. उपचाराला नेले तर पोलीस धरतील का? भीतीने हा प्रश्न मनातच राहतो आणि माणूस दवाखान्यापर्यंत पोचत नाही.

उत्तर कायद्यातच आहे. १९८५ च्या त्या कायद्यात कलम ६४-अ आहे. अंमली पदार्थ सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाणात बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात स्वतःहून उपचार घेईल, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालवला जात नाही. अट एकच : उपचार अर्ध्यावर सोडायचा नाही; सोडला तर हे संरक्षण काढून घेता येते. विकणाऱ्याला आणि मोठ्या मालाच्या वाहकाला हे कलम वाचवत नाही, आणि वाचवूही नये. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मद्य व अंमली पदार्थांमुळे होणारे विकार मानसिक आजारांत धरले आहेत आणि रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला आहे.

मुलांसाठी कायदा आणखी स्पष्ट आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाला दारू, अंमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. मुलांकडून माल पोचवून घेणाऱ्यालाही तशीच शिक्षा आहे. 'एवढी पिशवी त्या काकांना देऊन ये, शंभर रुपये मिळतील,' असे कोणी म्हणाले, तर तो तुमचा मित्र नव्हे.

मी त्या मुलाला एवढेच म्हणालो, "बाळ, दवाखाना आधी. तिथे नेणाऱ्यालाही कोणी धरत नाही. एकट्याने ओझे उचलू नकोस. घरातल्या एका मोठ्या माणसाला सांग, नाहीतर मला सांग." सोबत एका चिठ्ठीवर तीन क्रमांक लिहून दिले. ते येथेही देतो. नशामुक्तीसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६ आणि तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६. तिन्ही निःशुल्क आहेत.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्यापुढच्या रविवारी आला आणि नेहमीसारखा तानकाटा काढून बसला. म्हणाला, "सर, काल आम्ही जाऊन आलो." मी कुठे ते विचारले नाही. आम्ही वजने अडकवायला सुरुवात केली.

करून पाहा

१. निकोटीनचे वर दिलेले आकडे आलेखकागदावर मांडा. दर २ तासांनी अर्धे, असा वक्र येईल. मद्याचे तसे नाही. यकृत ते जवळजवळ ठराविक वेगाने बाहेर काढते. समजा, रक्तात मद्याचे १०० भाग आहेत आणि तासाला १० भाग कमी होतात. तो आलेख काढा. एक वक्र, दुसरी सरळ रेषा. हा फरक का पडतो, याचा शिक्षकांबरोबर विचार करा.

२. २००३ च्या कायद्याने शाळा-महाविद्यालयांपासून १०० वारांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास मनाई आहे. १०० वार म्हणजे ९१.४४ मीटर. हे अंतर शाळेच्या कुंपणाच्या बाहेरील कडेपासून सरळ रेषेत, चोहीकडे मोजायचे असते. शिक्षकांना बरोबर घेऊन दोरीने ते मोजा, शाळेचा प्रमाणबद्ध नकाशा काढा आणि ही हद्द त्यावर दाखवा. हद्दीतील दुकाने ठिपक्यांनी दाखवा. दुकानदाराशी वाद घालू नका. नकाशा मुख्याध्यापकांच्या सहीने ग्रामपंचायतीला द्या. भूगावच्या मुलांनी या कामासाठी दोरी आणून ठेवली आहे. तुमच्या शाळेचा नकाशा कसा येतो?